मेरीवर मनसोक्त चिडू दिल्याबद्दल

प्रिय चिमे,

घरात आभार मानले असते तर ‘काय गं मावशी!’ म्हणून तू पळून गेली असतीस. म्हणून हे चारचौघांत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझं वाचन बंद झालं, तेव्हा सगळे तब्येत विचारून जात होते. तू कॉलेजातून यायचीस, डोळ्यांत थेंब घालायचीस आणि पुस्तक उघडायचीस. तेही काय, तर कॅरी रायनची २००९ साली आलेली झॉम्बींची कादंबरी, ‘द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ’! तुझ्या आईनं कपाळाला हात लावला होता. मला मात्र पहिल्याच प्रकरणात ते कुंपण, पलीकडचं जंगल आणि जाळीला लटकलेले ते ‘अनकॉन्सिक्रेटेड’, म्हणजे तिथले झॉम्बी, दिसायला लागले. डोळे मिटलेले होते म्हणून जास्तच. गावावर हुकूम चालवणाऱ्या ‘सिस्टरहुड’ची, म्हणजे जोगिणींच्या संघाची, प्रमुख सिस्टर टबिथा, तिचा आवाज तर तू असा काढायचीस की तिची मला खरंच धास्ती वाटायची.

आणि ती नायिका मेरी! (शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.) आई गेली, भाऊ जेडनं दारात उभं केलं नाही, सिस्टरहुडमध्ये जावं लागलं, इथपर्यंत माझा जीव तिच्यासाठी तुटत होता. पण पुढे? हॅरी सरळ मनानं लग्न करायला तयार, तर हिचं मन त्याच्या भावात, ट्रॅव्हिसमध्ये. तो जिवलग मैत्रिणीचा, कॅसचा, होणारा नवरा. बरं, कुंपण पडल्यावर पळताना ट्रॅव्हिस मिळाला, डोक्यावर छप्पर मिळालं, कोठारात धान्य मिळालं, तरी बाई समुद्राचाच ध्यास घेऊन बसलेली. मी उशीवर मूठ आपटली होती, आठवतं?

तू तेव्हा माझी समजूत काढली नाहीस, यासाठी खरे आभार. ‘चीड, पण कोणामुळे चिडतेयस ते बघ,’ एवढंच म्हणालीस. सगळी गोष्ट मेरीच सांगते, तीही वर्तमानकाळात, घडेल तशी. म्हणजे हॅरीचा चांगुलपणा, अनाथ जेकबला उराशी धरणारी कॅस, हे मला दाखवलं कोणी? मेरीनंच. स्वतः त्याकडे धड न बघता. मग मी तिच्या तोंडून तिला न दिसणारी माणसं शोधायला लागले, आणि ऐकण्यात वेगळीच गंमत आली. एरवी मी कंटाळून ‘पुरे’ म्हटलं असतं.

‘त्या गावात मुलीला लग्न, माहेर नाहीतर सिस्टरहुड, एवढंच; तिनं काय करायचं?’ हा तुझा मुद्दा मला मान्य आहे. तरी मेरी समुद्रावर पोचते तेव्हा ट्रॅव्हिस गेलेला, जेडही गेलेला, आणि मला तिचं कौतुक वाटत नाही ते नाहीच. माझ्या मते कादंबरी कॅसची हवी होती. भांड आता.

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आहे, पण दुसरा भाग तूच वाचायचास. त्यात मेरी एका मुलीची आई झालेली आहे म्हणे. लेक कुंपणाबाहेर निघाली की ही काय करते, ते मला ऐकायचंच आहे. रविवारी ये, थालीपीठ लावते.

तुझी,
मावशी