गच्चीची किल्ली आणि चार चिंचोके

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की आपल्या अंकात घालून शिबिरांची पत्रके घरात येऊ लागतात. रोबो, घोडेस्वारी, व्यक्तिमत्त्व विकास. ज्यांना परवडते त्यांनी जरूर पाठवावे. पण आठ दिवसांचे शिबिर संपल्यावरही सुट्टीचे चार-पाच आठवडे शिल्लक राहतात आणि "आता काय करू?" ही भुणभुण खरी तेव्हा सुरू होते. हे पत्र त्या उरलेल्या आठवड्यांसाठी आहे. खाली लिहिलेल्या गोष्टींना पैसा नाममात्र लागतो. मुले खेळ अर्ध्यात टाकतात तेव्हा आपण म्हणतो, त्यांना चिकाटी नाही. बहुतेक वेळा केलेली वस्तूच नीट चालत नसते आणि ती का चालत नाही हे सांगणारे घरात कोणी नसते.

चिंचोक्यांचेच घ्या. वर्षाची चिंच नुकतीच फोडून झालेली असते. एकाच मापाचे, जरा चपटे चार चिंचोके निवडावेत. शहाबादी फरशीवर किंवा पाट्यावर दोन थेंब पाणी टाकून त्यांची एकच बाजू घासायची. तपकिरी साल जाऊन पांढरे दिसू लागते. सगळी बाजू पांढरी आणि सपाट झाली की थांबायचे. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर जन्मभर घासले तरी काही होणार नाही; तिथे हार्डवेअरच्या दुकानातला ८० नंबरचा पॉलिश पेपर जमिनीवर चिकटवून घ्यावा. कमी घासला तर चिंचोका डुगडुगतो, जास्त घासला तर पापुद्रा होऊन दुसऱ्या दिवशी मोडतो. हे झाले अष्टाचंगा या पटावरच्या खेळाचे फासे.

खेळायला बसण्याआधी फाशांची परीक्षा घ्यावी. चार मुलांनी चाळीस-चाळीस वेळा चिंचोके टाकायचे आणि किती पांढरे वर आले त्याच्या रेघा मारायच्या. चिंचोके अगदी समतोल असतील तर १६० टाकांत एकही पांढरा नाही असे साधारण १० वेळा, एक पांढरा ४० वेळा, दोन ६० वेळा, तीन ४० वेळा आणि चारही पांढरे १० वेळा यायला हवे. चिंचोका म्हणजे नाणे नव्हे, त्याची एक बाजू फुगीर असते. तेव्हा आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण 'अष्टा' (एकही पांढरा नाही) दहाऐवजी तीस वेळा पडू लागला तर एखादा चिंचोका खोटा आहे, तो शोधून बदलावा. शाळेत ज्याला संभाव्यता म्हणतात ते इथे तिसरीतले पोरही भांडून समजून घेते.

पट पाच बाय पाच घरांचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली. फुलीतली सोंगटी मरत नाही. एक, दोन, तीन पांढरे म्हणजे तेवढीच घरे. चारही पांढरे म्हणजे चार, सगळे काळे म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा डाव. पट पार्किंगमध्ये खडूने काढला तर संध्याकाळपर्यंत गाड्यांच्या चाकांखाली पुसला जातो, म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढावा. एक गोष्ट डाव मांडण्यापूर्वीच ठरवून घ्यावी: दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येते की नाही. प्रत्येक घरचा नियम वेगळा असतो आणि निम्मी भांडणे त्यावरच होतात.

आता आपल्याच वृत्तपत्राच्या रद्दीचा तंबू. (राग नसावा.) सोबत लागते ती मैद्याची चिकटवायची खळ. अर्धी वाटी थंड पाण्यात पाव वाटी मैदा गुठळी न ठेवता कालवायचा, मग त्यात एक वाटी उकळते पाणी ओतून मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरेपणा जाऊन खळ जरा पारदर्शक दिसू लागली की उतरवायची. मैदा थेट गरम पाण्यात टाकला की गोळे होतात आणि ते काही केल्या फुटत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात खळ दोन दिवसांत आंबते, त्यामुळे एकदम पातेलेभर करू नये. बाइंडिंगवाले ती टिकावी म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते मुळीच नको.

वर्तमानपत्राचे जोडपान जमिनीवर पसरून एका कोपऱ्यापासून सायकलच्या तारेवर किंवा विणायच्या लांब सुईवर तिरके गुंडाळत जायचे. पहिले तीन वेढे जीव खाऊन आवळायचे, कारण नळीची सगळी ताकद त्यातच असते. ते सैल राहिले की नळी बरोबर मधोमध वाकते. शेवटच्या कोपऱ्याला खळ लावून तार ओढून काढायची. अशा दोन नळ्या वीतभर एकमेकींत सरकवून चिकटवल्या की सव्वा मीटरच्या आसपास लांब काठी होते. अशा सहा काठ्या, म्हणजे बारा जोडपाने. तीन काठ्यांचा त्रिकोण जमिनीवर, उरलेल्या तीन त्याच्या कोपऱ्यांतून वर नेऊन टोकाला सुतळीने बांधायच्या, वर आईची जुनी ओढणी. पहिली-दुसरीतले मूल पुस्तक घेऊन आत आरामात बसते. मुले हमखास चौकोनी घर करायचा हट्ट धरतात. करू द्यावे. चार काठ्यांचा चौकोन कोपऱ्यावर ढकलला की तिरका होऊन बसतो, त्रिकोण तसा तिरका होत नाही. टॉवर आणि पुलांत त्रिकोण का दिसतात ते मग वेगळे सांगावे लागत नाही. पंखा मात्र एकवर ठेवावा, नाहीतर तंबू स्वयंपाकघरात सापडतो.

भोवरा अजून मिळतो. त्याची जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, सुती असावी, नायलॉनची घसरते. आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, सुरुवात करून वेढ्याला वेढा लागून वर जायचे, वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही. भोवरा नुसता फेकला तर आडवा पडतो. सुटता सुटता हात झटक्याने मागे घ्यावा लागतो. आर वाकडी असलेला भोवरा कितीही चांगला फेकला तरी थरथरत मरतो, म्हणून विकत घेतानाच बोटांत फिरवून पाहावा. घरातल्या टाइल्सवर नको: टाइल्सचेही नुकसान आणि भोवऱ्याचेही.

सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मुलांनी बाहेर असावे. डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत यांची कृती सांगायची गरज नाही, मुले जमली की पुरे. गुलमोहोर फुललेला असतो, त्याखाली कोंबड्यांची झुंज लावता येते. फुलात दहा पुंकेसर असतात. दोघांनी एकेक घेऊन डोकी एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचे डोके तुटले तो हरला. पूर्ण उमललेल्या फुलातली डोकी धक्क्यानेच गळतात, म्हणून उमलायच्या बेतात असलेली कळी सोलून पुंकेसर काढावेत. झाड ओरबाडायला नको, खाली पडलेल्या कळ्या भरपूर असतात.

आपले पुणे शहर दाखवायचे तर एका फेरीत एकच गोष्ट. राजा दिनकर केळकर संग्रहालयात सगळे पाहायला गेलात तर अर्ध्या तासात मुले पाणी मागतात. फक्त अडकित्ते किंवा फक्त दिवे शोधायला सांगितले तर ती तुम्हाला ओढत नेतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात सकाळी जावे आणि खांब व छत जिथे मिळतात तिथे दगडाचा सांधा शोधायला सांगावे. तो सापडणार नाही, कारण लेणे एका अखंड कातळात कोरलेले आहे. हे आपण सांगायचे नाही, त्यांनी शोधून दमल्यावर विचारू द्यायचे. विज्ञानाची खेळणी करायची असतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या कृती फुकट आहेत, मराठी पुस्तकेही आहेत.

सगळ्यात स्वस्त आणि पुण्यात ठराविक दिवशीच मिळणारी गंमत शेवटी ठेवली आहे. १३-१४ मे या दिवसांत दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. बरोबर बाराला का नाही, हे मुले विचारतील. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालते, पुणे त्याच्या पश्चिमेला साधारण ८.६ अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. ती झाली साडेचौतीस मिनिटे. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटे पुढे असतो, ती वजा करायची.

त्या एका दिवसावर अवलंबून राहू नये, एप्रिलच्या मध्यापासूनच सुरुवात करावी. प्लंबरकडे अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा मिळतो. गच्चीवर पाट ठेवून त्यावर पांढरा कागद लावायचा आणि पाइप उभा करायचा. १५ एप्रिलला मध्यान्हीची सावली साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, उत्तरेकडे पडते. १ मेला ती दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी. १३-१४ मेला गायब, आणि त्यानंतर ती दक्षिणेकडे वाढू लागते. सूर्य आपल्याला ओलांडून गेला हे कागदावरच्या खुणाच सांगतात. सावली नसते तेव्हा उन्हाचा गोल कवडसा पाइपच्या तळाशी पडतो, तो पाहण्यासाठी पाइप दोन खिळ्यांच्या आधाराने बोटभर उचलून ठेवावा. वर सूर्याकडे मात्र कोणीही पाहायचे नाही.

हा प्रयोग फसतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. पाइप एक अंशाने कलला तरी अर्धा सेंटिमीटर खोटी सावली पडते, आणि खऱ्या सावलीत तर एका दिवसाचा फरक जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. म्हणून आधी पाटावर पसरट ताटात पाणी घालून ते काठापासून सगळीकडे सारखे दिसेपर्यंत पाटाखाली पुठ्ठे सरकवावेत, मग दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा दोन बाजूंनी धरून पाइप तपासावा. फरक इतका कमी असल्यामुळे १३ला ढग आले तरी १२ ते १५मधला कोणताही दिवस चालतो. पायात चपला, डोक्यावर टोपी, आणि पंधरा मिनिटांत सावलीत परत.

याला एकच अडचण येते आणि ती खगोलशास्त्रातली नाही. बहुतेक सोसायट्यांमध्ये गच्चीला कुलूप असते, किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरींची दुपारी झोप असते. तेव्हा समस्त सेक्रेटरींना विनंती, की त्या चार दिवशी किल्ली दुपारी बारालाच वॉचमनकडे देऊन ठेवावी. साडेबाराला शोधाशोध सुरू केली तर कुलूप उघडेपर्यंत सावली परत आलेली असेल.

आपली,
कार्यानुभवाची एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे ३०