काळी माती लाव्हाची देणगी. पण निचरा आपल्यालाच करावा लागेल

संपादक महोदय,

ज्वालामुखीमुळे जमीन सुपीक होते, हे वाक्य शाळेच्या भूगोलात सगळ्यांचे पाठ असते. उदाहरण म्हणून जावा बेट किंवा सिसिलीतला एटना सांगितला जातो. आपली कृष्णाकाठची काळी रानेही ज्वालामुखीच्याच खडकातून तयार झाली आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आणि ही सुपीकता कशाने बिघडते, हे तर कोणीच सांगत नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलांब भेगांतून लाव्हा थरावर थर वाहत आला. वाईहून पसरणी घाट चढताना काळ्या कड्यांत मधूनच विटकरी पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खडक झिजला आणि पुढच्या लाव्हाने ती झीज भाजून काढली, तोच हा गेरूचा थर. विहीर खोदणाऱ्यांना हे थर चांगले ठाऊक असतात. वरचा मुरूम व झिजलेला मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा लाव्हाचा खडक) पाणी धरतो, काळ्या पाषाणात पाणी फक्त सांध्यांतून येते. सांधे नसलेल्या पाषाणात बोअर कितीही खोल नेले तरी कोरडे जाते.

खडक एकच असला तरी पाऊस माती बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा बनतो. तिथली तांबडी, आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन स्ट्रॉबेरीला मानवते. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून चुना आणि क्षार जमिनीतच राहतात.

जावा आणि आपल्यात खरा फरक इथे आहे. तिथल्या राखेपासून झालेली माती हलकी व सच्छिद्र असते, पाणी धरते आणि जास्तीचे सोडतेही. (अर्थात राख पडल्या पडल्या लाभ होत नाही. जाड थराखाली पीक मरते. १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी उद्रेकानंतर राख व वायूंतल्या फ्लोरिनने गवत विषारी झाले आणि मेंढ्या-गुरे मोठ्या संख्येने मेली.) आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. अशा जमिनीत उसाला पाटाने भरमसाट पाणी दिले की भूजल वर येते. ते पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मात्र वरच राहतात. वाळवा, पलूस, मिरज भागातली क्षारपड राने अशीच तयार झाली.

उपाय करण्यापूर्वी माती तपासून घ्या, कारण दोन रोगांना एक औषध चालत नाही. पृष्ठभागावर पांढरा थर येत असेल आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला जिप्सम (कॅल्शियम असलेले खनिज) नको, गोड्या पाण्याने क्षार धुऊन बाहेर काढायला हवेत. सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमययोग्य म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर, पाणी साचून राहते आणि वाळल्यावर माती दगडासारखी टणक होते, ती जमीन चोपण. तिला तपासणीत येईल तेवढे जिप्सम वरच्या वीतभर मातीत मिसळावे लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवते. पण सुटलेला सोडियम जायला वाट नसेल, तर तो तिथेच राहतो. निचऱ्याशिवाय टाकलेले जिप्सम म्हणजे पैसे मातीत घालणे.

सच्छिद्र पाइपांचा निचरा साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर, एकसारख्या उताराने बसवतात. भारी जमिनीत ओळी जवळ, हलक्या जमिनीत लांब. तो फसण्याची कारणे तीन दिसतात: पाइपाभोवती गाळणीचे कापड नसल्याने गाळ भरणे, मधेच उतार उलटा होणे, आणि सर्वांत मोठे म्हणजे पाइपाचे तोंड नाल्याच्या पाण्याखाली जाणे. एकट्याने दोन एकरांत पाइप टाकले आणि शेजारचे रान, ओढा तुंबलेलाच राहिला, तर पाणी पुन्हा चढते. आधी ओढे-नाले खोल करणे, मग गटाने मुख्य चर, आणि शेवटी शेतातले पाइप, असाच क्रम हवा.

लाव्हाच्या खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असते, नत्र मात्र जवळजवळ नसते. ते सेंद्रिय पदार्थांतूनच साठते. म्हणून उसाचे पाचट जाळू नका, कुजवा. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके फुलोऱ्याच्या सुमारास गाडा. वाफसा नसताना, म्हणजे माती चिखलासारखी ओली असताना, ट्रॅक्टर घालू नका.

ग्रामपंचायतींनी आणि पाणीपुरवठा संस्थांनी यंदा उन्हाळ्यात, पाणी कमी असतानाच, गावातल्या ओढ्यांची तळपातळी मोजून घ्यावी. निचऱ्याचे पाणी उतरायला किती खोली मिळते, हे त्यावरूनच ठरते आणि निधी मागतानाही हेच आकडे लागतात.

— एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली