खात्यातून परस्पर जाणाऱ्या पैशांविषयी

लीड्स

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कोणत्याही कंपनीला आपल्या खात्यातून परस्पर पैसे काढण्याची मुभा देऊ नये, असे तुम्ही फोनवर निक्षून सांगितलेत. आईचेही मत तेच दिसले. त्या घाईत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझा पगार ज्या खात्यात जमा होतो त्याला इथे करंट अकाउंट म्हणतात. आपल्याकडे चालू खाते व्यापारी लोक ठेवतात, इथे मात्र प्रत्येक नोकरदाराचे रोजचे खाते हेच असते. बचतीचे खाते वेगळे असते आणि त्यातून सहसा डायरेक्ट डेबिट, म्हणजे आपण दिलेल्या परवानगीने कंपनीने परस्पर काढलेले पैसे, जात नाही. माझ्या बँकेने या खात्यावर दरमहा काही पौंड बक्षीस म्हणून देण्याची योजना ठेवली आहे; त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम जमा झाली पाहिजे आणि खात्यावर किमान दोन डायरेक्ट डेबिट चालू असले पाहिजेत. पहिली अट पगारानेच पूर्ण होते. घोडे अडले ते दुसऱ्या अटीपाशी.

इथल्या संसारी माणसाला ही अट जाणवतही नाही, कारण कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर), वीज, गॅस, पाणी ही सगळी बिले याच मार्गाने जातात, आणि गिऱ्हाइकाचे खरे, रोजच्या वापराचे खाते आपल्याकडेच असावे हाच बँकेचा त्यामागचा हेतू असतो. मी राहते ती खोली मात्र सगळ्या बिलांसकट भाड्याने घेतलेली आहे, त्यामुळे माझ्या नावावर एकही बिल नाही. भाडे मी स्टँडिंग ऑर्डरने पाठवते, म्हणजे रक्कम आणि तारीख ठरवून बँकेला सूचना मीच देते. ते या अटीत धरत नाहीत. फोनचे प्रीपेड रिचार्ज दर महिन्याला आपोआप होते खरे, पण ते पैसे डेबिट कार्डावरून जातात, म्हणून तेही बाद. बँकेच्या अॅपमध्ये डायरेक्ट डेबिटची स्वतंत्र यादी असते आणि त्या यादीत कंपनीचे नाव उमटले तरच ते मोजले जाते.

पोस्टपेड फोन घ्यावा, तर बहुतेक कंपन्या आधी उधारीचा पूर्वेतिहास तपासतात. भारतातला माझा सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी इथे तो कोणी पाहत नाही. नव्याने आलेल्या माणसाची पाटी कोरीच असते. त्यावरचा एक उपाय ऐकून तुम्हाला नवल वाटेल. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येते, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येते, आणि त्या यादीतल्या नावामुळे पत्त्याची खातरजमा सोपी होते. मी तो अर्ज लगेच भरला.

डायरेक्ट डेबिटसाठी शेवटी माझा नर्सचा पेशाच उपयोगी पडला. नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची वार्षिक फी तिमाही हप्त्यांत डायरेक्ट डेबिटने भरता येते, आणि रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सच्या संघटनेची वर्गणी दरमहा. या दोन्ही गोष्टी मला एरवीही भरायच्याच होत्या, म्हणून खर्च एका पैशाने वाढला नाही. प्रश्न एवढाच होता की, तिमाही हप्ता ‘चालू’ म्हणून धरतात का. काही बँका केवळ सूचना नोंदलेली असली तरी समाधान मानतात, तर काहींना त्या महिन्यात प्रत्यक्ष पैसे गेलेले लागतात. माझी बँक पहिल्या प्रकारची निघाली. दुसऱ्या प्रकारची असती तर एखाद्या धर्मादाय संस्थेला दरमहा दोन-तीन पौंड सुरू केले असते; आपण इथले प्राप्तिकरदाते असलो तर संस्थेला सरकारकडून प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स मिळतात. निव्वळ अट भागवण्यासाठी नको ती वर्गणी अंगावर घेणे मात्र मला पटत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेविषयी. ही पद्धत १९६४ साली युनिलिव्हरमधल्या अॅलिस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडून पैसे वेळेवर वसूल व्हावेत म्हणून शोधून काढली, आणि आज घरोघरची बिले तिच्यावर चालतात. आपण कंपनीला सहा अंकी सॉर्ट कोड (बँक आणि शाखा ओळखण्याचा क्रमांक) आणि आठ अंकी खाते क्रमांक देतो, पासवर्ड किंवा पिन कधीच नाही. रक्कम किंवा तारीख बदलायची तर कंपनीने आगाऊ कळवावे लागते, सहसा दहा कामकाजाचे दिवस आधी. चुकून जास्त पैसे गेले, तर बँक ते पूर्ण आणि ताबडतोब परत करते. कंपनीशी भांडत बसण्याची जबाबदारी आपली राहत नाही. अशी लेखी हमी प्रत्येक डायरेक्ट डेबिटसोबत मिळते आणि माझ्या मते ती कार्डावरच्या आपोआप वसुलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. सूचना रद्द करणेही आपल्या हातात असते, अॅपमधून ते होते. अर्थात त्यामुळे कंपनीशी केलेला करार संपत नाही, तो वेगळा संपवावा लागतो.

जपायचे ते शिल्लक रकमेला. पैसे ठरलेल्या दिवशी सकाळीच वळते होत असल्याने आदल्या रात्री खात्यात पुरेशी रक्कम असावी लागते. तो दिवस शनिवार-रविवार किंवा बँकेच्या सुट्टीचा असला, तर वसुली पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते. हप्ता परत गेल्यास काही ठिकाणी दंड बसतो, आणि उधारीचा हप्ता असेल तर नव्याने तयार होणाऱ्या नोंदीला डागही लागतो. म्हणून मासिक वर्गणीची तारीख मी पगारानंतरची मागून घेतली आहे.

बाबा, आता एक काम तुमच्याकडे आहे. मी अनिवासी झाल्यामुळे मिरजेच्या शाखेतले माझे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यात, बदलून घ्यावे लागेल. माझ्या विम्याचा हप्ता त्याच खात्यातून ‘नाच’ने (NACH, आपल्याकडची आपोआप वसुलीची व्यवस्था) जातो. खाते बदलल्यावर त्यासाठी दिलेले जुने मँडेट, म्हणजे लेखी परवानगी, तसेच चालू राहील की नव्याने सही करावी लागेल, एवढे शाखेत विचारून ठेवा. अर्ज आणि पासपोर्टच्या साक्षांकित प्रती मी इथून कुरियरने पाठवीन.

आईला सांगा, थंडी आता सोसवते आहे आणि तिने दिलेली मेतकुटाची पिशवी अजून संपलेली नाही.

तुमची,
लेक