पूर्णा जंक्शनवरच्या त्या माणसांचे आभार

नापास झाला म्हणून मी हात उगारला, अन् रात्रीतून पोरगं घर सोडून गेलं. तिसऱ्या दिवशी पूर्णा जंक्शनवर चहावाल्या मावशींनी त्याला हेरलं, पिठलं-भाकरी खाऊ घातली, अडचणीतल्या मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाइनला फोन लावला. अंग तापानं फणफणत होतं, म्हणून हेल्पलाइनच्या माणसांनी आधी दवाखान्यात नेलं. 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर केलं. फलाटावरच्या पोरांनी नशेसाठी त्याच्या नाकाशी व्हाइटनरचा रुमाल धरला होता, हे त्यानं समुपदेशक ताईंना सांगितलं. मला नाही. त्या ताई दोन महिने दर शनिवारी घरी आल्या, पोरापेक्षा माझ्याशीच जास्त बोलल्या. "आधी ऐका, मग विचारा." काल रात्री तो आपणहून माझ्या शेजारी जेवायला बसला. मावशी, ताई, तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत.