वनमंत्र्यांना खुले पत्र : १९२७ चा कायदा आमच्या जंगलातून कधी जाणार?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सादर नमस्कार.

गुलामीच्या खुणा पुसायच्या, असं सध्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतं. दिल्लीत राजपथाचा कर्तव्यपथ झाला. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. विद्यापीठातली मंडळी म्हणतात, अभ्यासक्रम बदला, शिकवण्याची भाषा बदला. ते आम्हाला पटतं; आमच्या गोंडी भाषेला अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. पण धानोरा तालुक्यातल्या कोणालाही विचारा, इंग्रजांनी तुमचं काय नेलं? तो जंगलाकडे हात दाखवेल.

ज्या कायद्यांनी जंगल नेलं त्यांतला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. हा कायदा वने, वनोपजाची वाहतूक आणि लाकूड व इतर वनोपजावरचा कर यांसाठी आहे, असं तो स्वतःच सुरुवातीला सांगतो. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्या वाक्यात उल्लेखही नाही. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो याच राखीव जंगलाच्या कायद्याविरुद्ध. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो, मग तो कायदा अजून का सांभाळतो?

संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट कबूल केलं की वनात राहणाऱ्यांवर वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही ऐतिहासिक अन्याय झाला. स्वतंत्र भारतातही, साहेब. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावर गाडी अडली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार हक्क मिळालेल्या सगळ्याच ग्रामसभांना दिला.

आपण मे महिन्यात इकडे या. बाया पहाटेच तेंदूपत्ता तोडायला निघतात. दुपारी ओसरीवर म्हातारी माणसं, शाळेला सुट्टी असलेली पोरं, सगळे बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, पुडे मोजून वहीत नोंद होते. लिलाव ग्रामसभेने केलेला असतो आणि हिशेबही ग्रामसभेतच सगळ्यांसमोर वाचला जातो. एवढा कारभार करणाऱ्या गावाचा बांबूचा ट्रॅक्टर वनखात्याच्या तपासणी नाक्यावर थांबवून आम्हाला सांगण्यात आलं, "तुमचा शिक्का चालत नाही, साहेबांची सही आणा." माल दिवसभर उन्हात उभा राहिला. व्यापाऱ्याने त्याचं निमित्त करून भाव पाडला, आणि तो तोटा मजुरीतून गेला.

नावं बदलली त्याचा आम्हाला आनंदच आहे. आमच्या लेखी मात्र परक्यांचं राज्य तेव्हा संपेल, जेव्हा आमच्या जंगलाबद्दलचा शेवटचा शब्द ग्रामसभेचा असेल. वने हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यालाही १९२७ च्या कायद्यात दुरुस्ती करता येते. ते विधेयक आपण आणावं. त्याला वेळ लागेल हे आम्हालाही कळतं. तोवर सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही झाड तोडलं जाऊ नये, एवढा आदेश काढा.

आणि एक काम तर याच हंगामाआधी होऊ शकतं. ग्रामसभेचा वाहतूक परवाना वैध आहे, असं लेखी पत्र जिल्ह्यातल्या प्रत्येक नाक्यावर पाठवा. त्याची एक प्रत आम्हालाही द्या, ट्रॅक्टरवाल्याजवळ ठेवायला.

आपला,
ग्रामसभेचा एक सदस्य
ता. धानोरा, जि. गडचिरोली