वायसर बदलायचा की नळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की कोकणातल्या वाड्यांवर टँकर सुरू झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत पाणी का टिकत नाही, याची चर्चाही होते. जांभा पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहेत, साठवण अपुरी आहे, हे सारे खरेच. परंतु न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा विषय त्या चर्चेत कधी निघत नाही. सेकंदाला एकच थेंब पडतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असा हात राखून हिशेब केला तरी दिवसाला सव्वाचार लिटर आणि महिन्याला सुमारे 130 लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. जल जीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर हे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे हे दोन माणसांच्या पूर्ण दिवसाचे पाणी झाले. विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवणाऱ्यांना या गळतीचे वीजबिलही भरावे लागते. ज्यांची पाणीपट्टी वर्षाची ठोक आहे त्यांना त्याची झळ लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच नळाखाली बादली सरकवून वर्षे काढली जातात.

वास्तविक ही दुरुस्ती घरच्या माणसाने करण्याजोगी आहे. बरेच फेरे फिरवावा लागणारा जो पितळी नळ जुन्या घरांत दिसतो, त्याची रचना इंग्लंडमधल्या रॉदरहॅम येथील कारखानदारांनी 1845 मध्ये पेटंट घेतलेल्या नळाचीच आहे: आतला दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वायसर पाण्याच्या तोंडावर दाबून बसतो. झिजायचे ते वायसरने, नळाने नव्हे, हाच त्यातला विचार आहे. टाकीकडचा कॉक बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे, मोरीच्या जाळीवर फडके टाकावे (काढलेला स्क्रू नेमका तिथेच जातो), मूठ काढून पान्ह्याने वरचा भाग सोडवावा आणि वायसर बदलावा. पान्हा फिरवताना दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरणे अत्यावश्यक आहे, कारण पीळ भिंतीतल्या पाइपाला बसला तर प्लास्टिकचा जोड आतच तडकतो आणि मग वायसरसाठी चिरे फोडण्याची वेळ येते. नवा वायसर बसवूनही थोड्याच दिवसांत गळती सुरू झाली, तर ज्या पितळी कडेवर तो टेकतो तिला पाण्याने चर पाडलेला असतो; तेव्हा मात्र नळ बदललेला बरा. पाणी तोटीतून न येता मुठीखालून झिरपत असेल, तर तिथली चाकी किंचित आवळल्यानेही बहुधा भागते.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या टिकाऊ असतात, पण विहिरीच्या पाण्यातून येणारी बारीक रेती त्यांच्यामध्ये अडकली की चरे पडतात. अशा वेळी आतला संपूर्ण भाग बदलावा लागतो, आणि माप व दाते जुळण्यासाठी जुना भाग दुकानात घेऊन जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अडचण खरी इथे येते. तालुक्याच्या गावातही अनेक दुकानांत नवा चकचकीत नळ लगेच मिळतो, पण त्याच नळाचा आतला भाग मागितला की ‘तो सुटा येत नाही’ असे उत्तर मिळते. काही रुपयांच्या वायसरमध्ये दुकानदाराला काय सुटणार, हे समजण्यासारखे आहे. तरीही विकलेल्या नळाचे सुटे भाग ठेवणे हा त्या विक्रीचाच भाग मानला पाहिजे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मुठीचे स्क्रू गंजतात, चाकरमान्यांच्या बंद घरांत रबर कडक होते, आणि गणपतीच्या आठवड्यात सगळ्यांना एकाच वेळी प्लंबर हवा असतो. तेव्हा ज्याच्या घरात एक पान्हा आणि दोन वायसर आहेत, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

घर बांधणाऱ्यांनाही एक विनंती आहे. प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र कॉक द्यावा आणि तो हात पोहोचेल अशा जागी असावा. अनेक घरांत एका नळासाठी साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागते आणि त्यासाठी कौलांवर चढून टाकीपर्यंत जावे लागते; मग ती दुरुस्ती पावसाळा संपेपर्यंत लांबते. बंद घराचे मालक मुंबईला परतताना हाच कॉक फिरवून गेले, तर त्यांच्यामागे टाकी रिकामी होणार नाही.

आपला,
एक वाचक, राजापूर तालुका (जि. रत्नागिरी)