जुन्या सायकलचं हँडल बदलताना

महोदय,

माळ्यावरची जुनी लोखंडी सायकल गंगापूर रस्त्यावर फिरवायला काढली की मनगटं दुखतात. दोष बहुधा सरळ हँडलचा असतो. मुठी मागे वळलेलं, खांद्यांहून किंचित रुंद हँडल घ्यावं.

पण नुसता आकार पाहून घेऊ नका, आधी माप घ्या. हँडलचा मधला भाग स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या आणि सायकलच्या पुढच्या नळीत उतरणाऱ्या दांड्याच्या, पकडीत नेमका बसला पाहिजे. २५.४ मिमीच्या पकडीत २२.२ मिमीचं हँडल कितीही आवळलं तरी खड्ड्यात फिरतं. ऐन ब्रेक दाबताना फिरलं तर माणूस तोंडावर पडतो. डब्याचा पत्रा कोंबून भागवू नका, मापाची शिम (फट भरणारी धातूची पातळ कडी) मागा.

उंची वाढवताना स्टेम सैल करायचा बोल्ट पूर्ण काढू नये. दोन-तीन आटे सोडावे, बोल्टच्या डोक्यावर लाकूड ठेवून हातोडीचा ठोका द्यावा. स्टेमला नळीत घट्ट धरणारी खालची पाचर सुटते. स्टेमवरची कमाल उंचीची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे. बसवताना ग्रीस हवंच, नाहीतर पावसाळ्यात स्टेम नळीत गंजून बसतो. ब्रेकची केबल आखूड पडत असेल तर तीही बदला.

केबलऐवजी सळीने चालणाऱ्या ब्रेकच्या सायकलचं हँडल मात्र बदलू नये. ब्रेकचे दांडे हँडललाच जोडलेले असतात.

– एक सायकलप्रेमी, पंचवटी, नाशिक